‘इन्सोम्निया कोच’ आणि भंवरकुआँची एक खोली

‘इन्सोम्निया कोच’ हे मोबाइलवरचे मोफत ॲप अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याने २०२० मध्ये, मुख्यतः निवृत्त सैनिकांचा निद्रानाश डोळ्यांसमोर ठेवून काढले. इंदूरला भंवरकुआँ भागात खोली घेऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्याशी त्याचा वरवर पाहता काहीच संबंध दिसत नाही. तरीही मागचे संपूर्ण सत्र ते वापरल्यानंतर, रात्र रात्र कूस बदलणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते निदान एकदा नेटाने वापरून पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे. मात्र त्यातल्या काही सूचना आपल्याकडच्या राहणीत जशाच्या तशा बसत नाहीत, त्या बसवून घ्याव्या लागतात.

झोपेसाठीच्या इतर ॲपमध्ये पावसाचे आवाज, बासरी, गोष्टी असे बरेच काही असते. इथे त्यावर भर नाही. निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलण्याची जी उपचारपद्धती मानसोपचारात रूढ आहे, तिचा पाच आठवड्यांचा क्रम या ॲपने लावून दिला आहे. ही पद्धती नवखी नाही. पलंग आणि झोप यांचे तुटलेले नाते पुन्हा जोडण्याचे नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडले, तर अंथरुणात घालवायचा वेळ मोजून कमी करण्याची रीत आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये केली. औषधाच्या दुकानात जाऊन ‘झोपेचे काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या मुलांची संख्या पाहता ही गोष्ट आपल्या महाविद्यालयांतून मोठ्याने सांगायला हवी, असे मला मनापासून वाटते.

ॲपचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे झोपेची नोंदवही. सकाळी उठल्यावर दोन-तीन मिनिटांत भरून होईल इतकी ती सुटसुटीत आहे. अंथरुणात किती वाजता शिरलो, झोपायचा प्रयत्न किती वाजता सुरू केला, झोप लागायला अंदाजे किती वेळ लागला, मध्ये किती वेळा जाग आली, शेवटची जाग कधी आली आणि प्रत्यक्ष उठलो कधी, अशा स्वरूपाची ती माहिती असते. यातले पहिले दोन प्रश्न एकच वाटतात, परंतु विद्यार्थ्याचे खरे दुखणे नेमके त्या दोहोंमधल्या अंतरातच असते. साडेअकराला पांघरूण घेतले आणि एक वाजता डोळे मिटले, तर मधला दीड तास मोबाइलने खाल्लेला असतो. आपण मात्र दुसऱ्या दिवशी सर्वांना ‘साडेअकरापासून पडून होतो, झोपच आली नाही’ असे सांगत असतो. कोणी उपदेश केला असता तर तो कानाआड गेला असता. स्वतःच्या हाताने भरलेली वेळ मात्र नाकारता येत नाही. वेळ घड्याळात बघून लिहू नये, सकाळी अंदाजाने लिहावी, हेही ध्यानात ठेवावे, कारण रात्री घड्याळाकडे पाहत राहिले की उरलीसुरली झोपही उडते.

नोंदवहीवरून झोपेची टक्केवारी निघते. जो मुलगा नऊ तास अंथरुणात असतो आणि त्यातले सहाच तास झोपतो, त्याची टक्केवारी सदुसष्टच्या आसपास येते. अशा वेळी अधिक लवकर झोपायला जाणे हा आपल्याला सुचणारा उपाय असतो आणि तोच उलटा पडतो. या पद्धतीत अंथरुणातला वेळ आधी जवळजवळ प्रत्यक्ष झोपेइतका, म्हणजे या उदाहरणात सहा तासांवर आणतात. सकाळी सातला उठायचे ठरले असेल तर एक वाजेपर्यंत अंथरुणाला पाठ टेकायची नाही. टक्केवारी साधारण ८५च्या वर टिकू लागली की पंधरा-पंधरा मिनिटांनी हा वेळ वाढवायचा. त्यामागचे कारण साधे आहे: जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यासोबत झोपेची ओढ वाढते. कॉलेजहून परतल्यावर पाच ते सात ताणून दिली, तर ती ओढ संध्याकाळीच खर्ची पडते आणि रात्री माणूस टक्क जागा राहतो.

पहिले दिवस जड जातात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दुपारच्या तासाला डोळे मिटू लागतात, चिडचिड होते. उठण्याची वेळ काही झाले तरी बदलू द्यायची नाही, ही अट रविवारीही लागू असते, आणि तीच पाळणे सर्वांत कठीण. या बाबतीत इंदूरचा एक फायदा आहे. २०१७ ते २०२३ या काळात स्वच्छतेत देशात सातत्याने पहिला क्रमांक मिळवलेल्या या शहरात सकाळी गाणे वाजवत कचरागाडी गल्लीत येते. आमच्या खोलीतला डबा खाली नेण्याचे काम मी आपणहून मागून घेतले. गाडी कोणासाठी थांबत नाही, जिना उतरावाच लागतो, आणि उतरल्यावर अंगावर ऊन पडते. सकाळचा उजेड शरीराच्या घड्याळाला पुढे ओढतो, म्हणजे रात्री झोप लवकर येऊ लागते. त्यामुळे हे एक काम मला मोबाइलच्या गजरापेक्षा कितीतरी उपयोगी पडले.

पलंग फक्त झोपेसाठी वापरावा आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जावे, हा नियम मात्र वेगळ्या घरांसाठी लिहिलेला आहे. इथे दोघांत मिळून एक खोली असते. खाटेवरच अभ्यास, खाटेवरच डबा आणि खाटेवरच मित्रांची मैफल. दुसरी खोली आणायची कोठून? यावर उपाय आपल्याच आजी-आजोबांच्या घरांत होता. इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या मराठी घरांत सकाळी अंथरुणांच्या वळकट्या करून कोपऱ्यात रचून ठेवत आणि रात्री निजायच्या वेळीच ती पुन्हा घालत. मी गादी दिवसा गुंडाळून ठेवू लागल्यावर खाट उघड्या फळीची बैठक झाली, आणि रात्री गादी पसरणे ही झोपेची खूण ठरली. मध्यरात्री उठावे लागले तर सोबत्याची झोप न मोडता जिन्याच्या पायरीवर बसता येते. तिथे मोबाइल न्यायचा नाही. मंद उजेडात एखादे नीरस पुस्तक पुरते.

शरीर सैल सोडण्याचे आणि श्वासाचे व्यायामही ॲपमध्ये दिलेले आहेत. ते चांगले आहेत, पण त्यांवर विसंबू नये. चहाबद्दल मात्र थोडे सांगायला हवे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनने झोप तासाभराहून अधिक घटली होती. हे प्रमाण अर्ध्या कप चहापेक्षा पुष्कळ जास्त आहे, तरी संध्याकाळच्या कॉफीपासून रात्री अकराच्या चहापर्यंत सगळे मिळवले तर बेरीज लहान राहत नाही, शिवाय शरीरातले अर्धे कॅफिन निघून जायलाच साधारण पाच तास लागतात. सराफ्याला, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाणे मी सोडलेले नाही. शनिवारी गेलो तरी रविवारी कचऱ्याचा डबा त्याच वेळी खाली जातो.

ॲपच्या मर्यादाही आहेत. भाषा इंग्रजी आहे, आणि हिंदी माध्यमातून आलेल्या माझ्या सोबत्याला सुरुवातीचे धडे समजावून द्यावे लागले. दुसरे असे की प्रत्येक उशिरा झोपणाऱ्याला निद्रानाश नसतो. सुट्टीत तीनला झोपून अकराला ताजातवाना उठणाऱ्या मुलाची झोप उत्तम असते, फक्त तिची वेळ सरकलेली असते, आणि या वयात ती सरकणे नैसर्गिक आहे. त्याने अंथरुणातला वेळ कापण्यापेक्षा सकाळचे ऊन आणि ठरलेली उठण्याची वेळ यांवर भर द्यावा. ज्यांना अपस्माराचे झटके येतात किंवा ज्यांना बायपोलर आजार आहे, त्यांनी झोप कमी करण्याचा हा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नये. जोरात घोरून दिवसभर पेंगणाऱ्यानेही आधी तपासून घ्यावे. अंथरुणातला वेळ कापल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत खंडवा रोडवर दुचाकी चालवण्याऐवजी बसने जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

झोप न येण्यामागे सततची उदासी असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र ॲपची वाट पाहू नये. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते आणि तिथे आपल्या भाषांतही बोलणारे समुपदेशक मिळतात.

सुरुवात परीक्षेच्या तोंडावर करू नये. सत्राच्या पहिल्या महिन्यात, प्रात्यक्षिकांच्या वह्या अंगावर येण्याआधी, पाच आठवडे सलग मोकळे सापडतात. पहिला आठवडा नुसती नोंदवही भरण्यात घालवावा, काहीही बदलू नये. दुसऱ्या आठवड्यापासून काय कापायचे ते त्या नोंदींवरून आपोआप दिसू लागते.