काच समोर की बाजूला?

बेळगावचं स्टेशन २०२३ ला नवीन झाल्यापासून आमच्यात एकच वाद, जुन्या स्टेशनला काच लावायची तर कुठं. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग स्टेशनला १८८३ ची दगडी इमारत, तिच्यासमोर २००७ मध्ये अख्खा काचेचा फुगाच उभा केला, पाऊस लागत नाही, जागा वाढली, पण लांबून बघितलं की काचच चमकते आणि जुनी बिल्डिंग आत कुठंतरी. लंडनच्या किंग्ज क्रॉसला उलटं, १८५२ च्या स्टेशनच्या पश्चिमेला २०१२ मध्ये स्टील-काचेचा नवा हॉल, आणि समोरचं १९७० च्या दशकातलं बांधकाम पाडून मूळ दर्शनी भाग मोकळा. मला हेच पटतं बघा. शिवाय खानापूर-लोंढ्याकडच्या पावसात एवढ्या काचेवरचं शेवाळ पुसणार कोण? बाजूला जागाच नसली तर मात्र स्ट्रासबर्गवालं चालेल.