आठ महिने फोनवरचा मराठी शब्दकोश: ‘हातचा’ सापडत नाही

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा हे अ‍ॅप घेतलं. वेंगुर्ल्याजवळच्या शाळेत मी तिसरीला शिकवते. पावसात रेंज गेली तरी ते चालतं, म्हणून टिकलं.

विभक्तीतलं रूप टाकलं तरी मूळ शब्द निघतो, हे फार उपयोगी. ‘विहिरीचा’ लिहिलं की ‘विहीर’, ‘पावसाचा’ लिहिलं की ‘पाऊस’. आमच्या पोरांच्या तोंडी घरात मालवणी ‘पावसाचो’. ‘विहीर’मधली दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व कुठे होते, ते त्यांना असं बघूनच कळतं.

पण चा-ची-चे दिसलं की अ‍ॅप सरसकट मूळ नामाकडे पाठवतं. 347 आणि 128 ची बेरीज चालली होती. सात नि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. एका मुलीने विचारलं, “बाई, हातचा म्हणजे?” तिच्यासमोरच शोधलं. उत्तर आलं: ‘हात’ पाहा. तिथे खांद्यापासून बोटांपर्यंतचा अवयव.

तेव्हापासून वहीत अशी रूपं टिपते. ‘हाताचा’ला वेगळी नोंद नको, हाताचा पंजा कुणालाही कळतो. ‘हातचा’ला हवीच. पाठीचा कणा, पण पाठचा भाऊ. पोटाचा आजार, पण पोटचा मुलगा. पदराचा काठ, पण पदरचे पैसे. सामान्यरूप (‘हात’चं ‘हाता’) न होता थेट ‘चा’ लागला की बहुतेकदा अर्थ बदललेला असतो. बहुतेकदाच, ‘गावचा रस्ता’ आणि ‘गावाचा रस्ता’ यांत फारसा फरक नाही, तिथे एक नोंद पुरे. प्रत्येक रूप कुणीतरी वाक्यात घालून बघायला हवं.

शब्दजोड्यांचंही तेच. ‘खाडीचे मासे’ला स्वतंत्र नोंद आहे, कशासाठी? आणि ‘गाऱ्हाणं’ म्हणजे फक्त तक्रार! इकडे देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, बाकीचे “व्हय म्हाराजा” म्हणतात. ते मागणं असतं, तक्रार नव्हे. ‘गाऱ्हाणं घालणे’ तिथे हवंच, कोकणातला वापर म्हणून खूण करून. दाते-कर्व्यांच्या जुन्या छापील ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त 1932 पासून अशा प्रांताच्या खुणा आहेत.

दोनदा सूचना पाठवल्या. ‘पाठचा’ गेल्या महिन्यात आला, “माझ्या पाठची बहीण” या वाक्यासकट. मला खूप आनंद झाला. ‘हातचा’ अजून ‘हात’कडेच जातो. तोवर पाचपैकी साडेतीन.