दख्खनचा काळा पाषाण की समुद्रतळाचे पट्टे?

भारत उत्तरेकडे सरकला, याचे साक्षीदार दोन, आणि दोघेही चुंबकीयच.

आधी महाबळेश्वरच्या घाटातला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण. लाव्हा थंड होताना, साधारण ५८० अंश सेल्सिअसच्या खाली, त्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाच्या कणांत त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठते. हे क्षेत्र विषुववृत्तावर आडवं, ध्रुवावर उभं. म्हणून त्याच्या कलावरून, म्हणजे आडव्या पातळीशी होणाऱ्या कोनावरून, अक्षांश निघतो. आज घाटात हा कल ३३ अंशांच्या आसपास हवा, दगडात मात्र तो ४५ च्या वर भरतो, तोही उलट्या अर्थाने, दक्षिण गोलार्धातल्यासारखा. म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा मुलूख सुमारे ३० अंश दक्षिण अक्षांशावर होता! रेखांश मात्र या दगडाला विचारू नये. आणि वीज पडून चुंबकत्व बदललेल्या कड्यावरचा नमुना उचललात, तर सगळंच मुसळ केरात.

दुसरे समुद्रतळाचे पट्टे. समुद्राखालच्या पर्वतरांगेपाशी नवा तळ तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकतो; क्षेत्र उलटसुलट होत गेलं तसे त्यावर उलटसुलट चुंबकत्वाचे हे पट्टे उमटले. व्हाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश भूवैज्ञानिकांनी १९६३ मध्ये हे मांडलं, तेही हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरच्या मोजणीतून. पट्ट्याची रुंदी भागिले तो बनायला लागलेला काळ, की वेग हाती. वेगासाठी माझं मत यांनाच. पण सुमारे १८ कोटी वर्षांहून जुना तळ फारसा उरलेलाच नाही. त्याआधीचं विचारायचं, तर जमिनीवरचा खडकच गाठावा लागतो.