सॅच डायव्हरचं घड्याळ: व्हॉल्व्हचं घ्यावं की बिनव्हॉल्व्हचं?

माझा भाचा तारकर्लीत पर्यटकांना स्कूबा करवतो. आता सॅच्युरेशन (सॅच) डायव्हिंग, म्हणजे दिवसचे दिवस दाबाखालीच राहून खोल पाण्यात काम करणं, शिकून मुंबई हायच्या तेलक्षेत्रावर जायचं म्हणतोय. "मामा, हजार मीटरवालंच घड्याळ घेऊ ना?"

आधी तो आकडा डोक्यातून काढ, म्हटलं. मुंबई हायला समुद्र जेमतेम पाऊणशे मीटर खोल. तिथल्या पाण्याला दोनशे मीटरचं चांगलं घड्याळ पुरून उरतं. खरा घात कोरड्यात होतो. सॅच डायव्हर कधी कधी २८ दिवस जहाजावरच्या दाबाच्या चेंबरमध्ये राहतात आणि तिथे श्वासाला असतो मुख्यतः हेलियम. त्याचे अणू इतके बारीक, की पाण्याला दाद न देणाऱ्या रबरी गॅस्केटमधूनही आत झिरपतात. पुढे चेंबरचा दाब उतरवायला तीन-चार दिवस घेतात, तरी घड्याळातला हेलियम तेवढ्यात बाहेर पडला नाही तर आतल्या रेट्याने काच उडते.

यावर रोलेक्सने १९६७ मध्ये सी-ड्वेलर या घड्याळाला हेलियम बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवला. आतला दाब वाढला की तो आपोआप उघडतो, डायव्हरला काही करावं लागत नाही. ओमेगाच्या सीमास्टर डायव्हर ३००एम मध्ये दहाच्या आकड्याजवळचा व्हॉल्व्ह हाताने फिरवून सोडावा लागतो. थकलेल्या माणसाच्या आठवणीवर काच सोपवणं मला पटत नाही.

सायकोने १९७५ मध्ये उलटी वाट धरली: मागचं झाकणच नसलेली अखंड टायटॅनियमची केस, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचं गॅस्केट, व्हॉल्व्ह नाहीच. हेलियम आत येऊच द्यायचा नाही. माझा कौल यालाच. एक भोक कमी म्हणजे झिजणारं एक रबर कमी, आणि टायटॅनियमला आपल्या खाऱ्या हवेचं भय नाही. रोलेक्सच्या मानाने पैसेही बरेच कमी. अडचण एकच, पण मोठी: ते समोरून, काच काढूनच उघडतं. क्वार्ट्झ घेतलंत तर सेल बदलायलाही कंपनीच्या सर्व्हिसलाच पाठवा, बाजारातल्या घड्याळजीकडे देऊ नका.

साध्या घड्याळाची चावी चेंबरमध्ये सैल करून ठेवणारेही डायव्हर आहेत. दाब उतरताना वायू निघून जातो, युक्ती चालते. पण बेलमधून, म्हणजे डायव्हरला चेंबरमधून खाली नेणाऱ्या दाबबंद कुपीतून, पाण्यात उतरण्याआधी ती घट्ट करायची राहिली, तर घड्याळ गेलंच.

आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रवाळ बघायला उतरणाऱ्यांनी व्हॉल्व्हसाठी जादा पैसे मोजू नयेत. टाकीत साधी हवा असते, हेलियमचा संबंधच येत नाही. आयएसओ ६४२५ (डायव्हिंग घड्याळांचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणित, दोनशे मीटरचं घ्या आणि वर आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.