सलामीवर काय लावायचं: यीस्ट की पांढरी बुरशी?

सलामी म्हणजे आवरणात भरून, मुरवून वाळवलेलं मांसाचं सॉसेज. ती वाळत घालायची ठरली की आवरणावर यीस्ट लावायचं, पांढरी बुरशी लावायची, की हवेतून येईल ते येऊ द्यायचं, हे ठरवावं लागतं.

तिसरा पर्याय आधी निकालात काढू. इटलीतल्या जुन्या तळघरांत तो चालतो, कारण तिथे हवी ती बुरशी कधीचीच मुक्कामाला आहे. नव्या खोलीत पेनिसिलियम नॉर्डिकम नावाची बुरशीही येऊ शकते, आणि ती ऑक्राटॉक्सिन ए हे मूत्रपिंडाला घातक विष बनवते. इटलीने 1999 मध्ये डुकराच्या मांसासाठी त्याची मर्यादा किलोमागे 1 मायक्रोग्रॅम ठरवली, ती उगाच नव्हे.

उरले दोघे. यीस्ट म्हणजे इथे मुख्यतः डेबॅरिओमायसिस हॅन्सेनी. खारट, कोरड्या मांसावर ते मजेत वाढतं. ल्युसिनसारखी अमिनो आम्लं मोडून माल्टसारखा, फळांच्या अंगाने जाणारा वास देतं, वरचं लॅक्टिक आम्ल खाऊन आंबटपणा उतरवतं. ऑक्सिजनही तेच वापरून टाकतं, म्हणून चरबी लवकर खवट होत नाही. दिसायला मात्र आवरणावर पीठ भुरभुरल्यासारखा थर, बस्स. त्याचे काही वाण नॉर्डिकमला आणि तिच्या विषालाही दाबतात. सगळे नाही.

पेनिसिलियम नाल्जिओव्हेन्से ही बुरशी जागा पुरती अडवते, वाळणं एकसारखं ठेवते आणि दुकानात शोभते. पाकिटातलाच वाण घ्या, कारण रानटी वाण पेनिसिलिन हे प्रतिजैविक बनवू शकतात, आणि ते खाण्यात नको.

जाड, दोन-तीन महिने मुरणाऱ्या सलामीला मी दोन्ही एकत्र लावीन. बारीक, झटपट वाळणाऱ्या सॉसेजला नुसती बुरशी पुरे, यीस्टला वास घडवायला तिथे वेळच मिळत नाही.

पण बोट्युलिनम, साल्मोनेला किंवा लिस्टेरिया या घातक जिवाणूंच्या बाबतीत दोघांवरही भिस्त ठेवू नका. तिथे मोजून घातलेलं मीठ आणि नायट्राइट (मांस टिकवणारा क्षार), आतली आम्लता आणि पुरेसं वाळणंच कामाचं. ‘नैसर्गिक यीस्ट आहे, नायट्राइट कशाला’ असं कुणी विकत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

आणखी एक गोष्ट, लसणाची. लसूण या यीस्टची वाढ रोखतो. त्यामुळे भरपूर लसूण आणि व्हिनेगर घातलेल्या, शिजवूनच खायच्या गोव्याच्या चोरिसासाठी यीस्टच्या पाकिटावर पैसे घालवू नका.