दोन स्वप्नं, दोन्हीकडे सात वर्षांचा मुलगा

गोंचारोव्हच्या 'ओब्लोमोव्ह' (१८५९) आणि दस्तयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६) या दोन रशियन कादंबऱ्यांमध्ये नायक झोपेत सात वर्षांचा होतो. पुढे मात्र दोन्ही स्वप्नांच्या वाटा वेगळ्या.

ओब्लोमोव्हचं स्वप्न म्हणजे पहिल्या भागातलं अख्खं नववं प्रकरण. कादंबरीच्या दहा वर्षं आधी, १८४९ मध्ये, ते स्वतंत्रपणे छापलं गेलं होतं. दुपारी जेवणानंतर सगळं घर घोरतं, आलेलं पत्रही कित्येक दिवस कुणी उघडत नाही. घटना जवळपास नाहीतच, म्हणून घाईचा वाचक पानं उलटतो आणि फसतो. नायक पलंगावरून का उठत नाही याचं कारण इथेच आहे.

'गुन्हा आणि शिक्षा'चा नायक रास्कोल्निकोव्ह एका म्हाताऱ्या सावकारिणीच्या खुनाचा बेत करतो आहे. त्याचं स्वप्न (भाग पहिला, प्रकरण पाचवं) आटोपशीर आणि असह्य आहे. दारू प्यायलेला मिकोल्का म्हाताऱ्या घोडीला आधी चाबकाने, मग गाडीच्या दांड्याने, शेवटी लोखंडी पहारीने मारतो. मुलगा मेलेल्या घोडीच्या तोंडाचे मुके घेतो. रास्कोल्निकोव्हला फक्त त्या मुलात पाहणं ही नेहमीची चूक. तो मिकोल्काही आहे. जागा होताच तो स्वतःला विचारतो, आपण खरंच कुऱ्हाड हातात घेणार का? पुढे खुनाची खोटी कबुली देणाऱ्या रंगाऱ्याचं नावही मिकोल्काच!

एक स्वप्न माणसाला झोपवून ठेवतं, दुसरं त्याला थांबवू पाहतं आणि जेमतेम काही तास पुरतं. मला दुसरं अधिक थोर वाटतं, पण वाचायला सुरुवात ओब्लोमोव्हपासून करावी.