डेट्रॉइट जॅकेट, सेकंडहँड : एक अख्खा हिवाळा घालून झाल्यावर

आधी जॅकेटचंच सांगते, कारण बरेच जण तेवढ्यासाठीच वाचायला आलेले असतील. कारहार्टचं डेट्रॉइट जॅकेट, तपकिरी रंग, पुरुषांचं मीडियम, सेकंडहँड. ८० डॉलर अधिक मिशिगनचा ६ टक्के टॅक्स. घेतलं माझ्या १५ वर्षांच्या लेकीसाठी, ऑक्टोबरमध्ये. आता एप्रिल चालू आहे आणि मधल्या काळात ते फक्त दोनदा धुतलं गेलंय कारण ती अंगावरून काढतच नाही.

कापड म्हणजे डक, ताडपत्रीच्या जातीचं जाड सुती. नावाचा बदकाशी काही संबंध नाही, डच भाषेतल्या कापडाच्या शब्दावरून आलंय ते. आतून घोंगडीसारखं पट्ट्यापट्ट्यांचं अस्तर, कॉलर कॉर्डरॉयची, पुढे चेन, छातीवर एक चेनचा खिसा. लांबी कमरेपर्यंतच, कारण मूळचं हे काम करणाऱ्या माणसासाठी आहे, वाकलं बसलं की मध्ये येऊ नये म्हणून आखूड. १९५४ पासून हा प्रकार चालू आहे. कंपनी त्याहून जुनी, १८८९ ला डेट्रॉइटमध्येच हॅमिल्टन कारहार्ट नावाच्या माणसाने रेल्वे कामगारांसाठी ओव्हरऑल शिवायला सुरुवात केली, आता मुख्य ऑफिस शेजारच्या डिअरबॉर्नला आहे.

नवीन जॅकेट पुठ्ठ्यासारखं ताठ असतं, ते मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून मुलांना जुनीच हवी असतात. कोपरावर रंग उडालेला, बाहीच्या कडा विरलेल्या, खिशाशी कसला तरी डाग. मला आधी हे पटलंच नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या तरी घामाचे डाग तू पैसे देऊन का घेणार, असं मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली आई नवीन घेतलं तर ते माझं वाटायला दोन वर्षं जातील आणि तोवर मी हायस्कूलच्या बाहेर असेन. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. ९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हिपहॉपवाल्या पोरांनी हे कामाचे कपडे उचलले तिथून ही फॅशन आली वगैरे तिला सगळं पाठ होतं, मलाच माहीत नव्हतं आणि मी १४ वर्षं इथे गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत काम करते, माझ्या शॉप फ्लोअरवरची निम्मी माणसं हेच घालून येतात.

दुकान डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूच्या जवळ आहे, नाव लिहीत नाही कारण एक तक्रारही करायची आहे. आत जुन्या कपड्यांचे रॅक दाटीवाटीने लावलेत, साइजप्रमाणे नाही तर रंगाप्रमाणे, त्यामुळे शोधायला तास गेला. किमती बऱ्या, ऑनलाइन हीच फिकी पडलेली जॅकेटं नव्यापेक्षा महाग विकतात. ट्रायल रूम म्हणजे कोपऱ्यातला पडदा. तक्रार अशी की जॅकेटची चेन खालून तिसऱ्या दातापाशी अडकत होती आणि घरी आल्यावर कळलं. विकायच्या आधी चेन एकदा वरखाली करून बघायला काय जातं? परत नेल्यावर मात्र माणसाने वाद घातला नाही, मेणबत्ती घासून दाखवली, तरी सरकेना म्हटल्यावर १५ डॉलर परत दिले. नवीन चेन मी बाहेरून २२ डॉलरला बसवून घेतली. म्हणजे हिशोबाने ७ डॉलर आमच्या अंगावर.

तो माणूस साधारण ७० चा असेल. पहिल्या दिवशी त्याने लेकीला विचारलं, डेट्रॉइटमध्ये कुठे राहतेस? ती म्हणाली नाही, आम्ही एट माइलच्या पलीकडे. एट माइल रोड म्हणजे शहराची उत्तरेची हद्द, तो ओलांडला की दुसरी काउंटी, दुसऱ्या शाळा, सगळंच दुसरं. तो हसला नाही की टोमणा मारला नाही, फक्त म्हणाला माझे वडील पॅकार्डमध्ये होते, कारखाना बंद झाला तेव्हा मी ३ वर्षांचा. आणि बिल करायला लागला. लेकीने गाडीत बसल्या बसल्या फोनवर शोधलं. पॅकार्डच्या गाड्या या शहरात बनायच्या थांबल्या १९५६ मध्ये.

हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढच्याच महिन्यात दिवाळीच्या कार्यक्रमाला ती साडीवर हेच जॅकेट घालून आली. मी आधी रागावले, मग सोडून दिलं, मरून रंगाच्या काठावर तो तपकिरी रंग खरंच छान दिसत होता. तिथे एका ओळखीच्या गृहस्थांनी जॅकेटचं नाव ऐकलं आणि सुरू झाले. डेट्रॉइट? ते तर साठ वर्षं एकाच पक्षाच्या हातात दिलं आणि त्यांनी खाऊन टाकलं, अजून काय. शेजारच्या टेबलवरून दुसरे म्हणाले, खाल्लं तुमच्या गव्हर्नरने, निवडून आलेल्यांना बाजूला सारून स्वतःचा माणूस आणून बसवला. दोघंही इकडे २० वर्षं राहिलेले आणि दोघांनाही पॅकार्ड प्लांट कुठल्या रस्त्यावर होता ते सांगता आलं नसतं, याची मला खात्री आहे, कारण जॅकेट घेईपर्यंत मलाही आलं नसतं.

लेक तिथे काही बोलली नाही. घरी येऊन मात्र ती आकडे काढत बसली आणि मग मीपण बसले तिच्याबरोबर. १९५० ला शहराची लोकसंख्या साडेअठरा लाख, तो कळस. १९६० ला १६ लाख ७० हजार. म्हणजे दहा वर्षांत पावणेदोन लाखांहून जास्त माणसं कमी झाली आणि तेव्हा महापौर रिपब्लिकन होते, आधी अल्बर्ट कोबो, मग लुई मिरियानी. डेमोक्रॅट महापौरांची सलग रांग सुरू होते १९६२ पासून. दुकानदाराच्या वडिलांचा कारखाना त्याच्या सहा वर्षं आधी गेलेला. मग त्यांची नोकरी कोणत्या पक्षाने खाल्ली? कोबोनेही नाही खाल्ली खरं तर, कारखानेच शहर सोडून मोकळ्या जागेकडे एकमजली शेड बांधायला चालले होते, हायवे होत होते, आणि बँकेचं कर्ज कुणाला द्यायचं कुणाला नाही ते माणसाच्या कातडीचा रंग बघून ठरायचं. १९४१ ला एका बिल्डरने गोऱ्यांच्या घरांना सरकारी गॅरंटीचं कर्ज मिळावं म्हणून काळ्यांच्या वस्तीच्या कडेने चक्क भिंत बांधली, ती एट माइलच्या जवळ आजही उभी आहे. ब्लॅक बॉटम नावाची काळ्यांची अख्खी वस्ती पाडली आणि पुढे तिच्यावरून हायवे नेला. १९६७ च्या दंगलीत ४३ माणसं मेली. मग १९७४ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की शहरातल्या शाळांमधला वर्णभेद मिटवायला उपनगरांच्या शाळांना त्यात ओढता येणार नाही. हे वाचताना माझा हात थांबला कारण माझी मुलगी ज्या चांगल्या शाळेत जाते ना, ती शाळा त्या रेषेच्या अलीकडे आहे म्हणून तशी आहे, निदान काही अंशी तरी.

शहर चालवणाऱ्यांची चूक नाही असं मी म्हणत नाहीये. क्वामी किलपॅट्रिक महापौर होता, डेमोक्रॅट, त्याला भ्रष्टाचारासाठी २०१३ ला २८ वर्षांची शिक्षा झाली, आणि २०२१ ला ती कमी केली ट्रम्प यांनी, मग सांगा याला कोणत्या रकान्यात टाकायचं. पेन्शनची भोकं बुजवायला काढलेलं कर्ज शेवटी शहराच्या गळ्याशी आलं. १८ जुलै २०१३ ला दिवाळं जाहीर केलं, देणं साधारण १८ अब्ज डॉलर, आणि ते जाहीर करताना खुर्चीत होता केव्हिन ऑर, रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्नायडर यांनी शहराचा कारभार चालवायला नेमलेला इमर्जन्सी मॅनेजर. मी तेव्हा इथे नवीन होते, ऑफिसात सगळे शहराबद्दल आजारी नातेवाइकाबद्दल बोलतात तसं हळू बोलायचे. निवृत्त लोकांच्या पेन्शनला कात्री लागली. सरकारी नेमणुकीचा माणूस आणला की सगळं सुधारतं असंही नाही, मिशिगनमधल्याच फ्लिंट शहरात तसाच माणूस बसवलेला असताना २०१४ ला पिण्याचं पाणी कुठून घ्यायचं ते बदललं आणि मुलांच्या पोटात शिसं गेलं.

आमचे बाबा, म्हणजे लेकीचे आजोबा, डिसेंबरमध्ये आले होते. ते लालबागचे, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामात होते. जॅकेट बघितल्यावर त्यांनी पहिलं काय केलं तर बाही चिमटीत धरून अंगठ्याने चोळली, उलटी करून शिवण बघितली आणि म्हणाले, कापड प्रामाणिक आहे. मग लेकीने त्यांना दिवाळीतली गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाले आपल्याकडे नाही का, १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि आजपण कुणालाही विचारा, संपाचे पुढारी डॉक्टर सामंतांनी गिरण्या बुडवल्या एवढंच सांगतील. मालकांनी यंत्रं किती वर्षं बदलली नव्हती ते कुणी सांगत नाही, सरकारने वाटाघाटी का केल्या नाहीत ते सांगत नाही, जमिनीचं पुढे काय झालं ते तर डोळ्यांनी दिसतंय. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात गं. हे ते माझ्याकडे बघून नाही, तिच्याकडे बघून म्हणाले आणि तिने तेव्हा जॅकेट काढून त्यांच्या खांद्यावर घातलं. त्यांना ते बरोब्बर बसलं. मीडियम साइज घ्यायचा विचार असेल तर सांगते, साडेपाच फुटी, सडपातळ, ७६ वर्षांच्या माणसाला छान बसतं आणि १५ वर्षांच्या मुलीला आत हुडी घालायला जागा उरेल इतपत सैल.

हुडी घालावीच लागते. मिशिगनच्या जानेवारीत नुसतं हे जॅकेट पुरत नाही, ते बनलंय हालचाल करणाऱ्या माणसासाठी, बसस्टॉपवर उभं राहायला नाही. वारा मात्र अजिबात आत येत नाही. ओलं झालं की जड होतं, वाळायला दीड दिवस. गार पाण्यात, उलटं करून धुवायचं, ड्रायरमध्ये टाकू नका, आखूड आहेच, अजून आखूड होईल.

शाळेचं एक सांगायचं राहिलं. वर्गात बाहेरचे कोट चालत नाहीत असा नियम आहे आणि एका शिक्षिकेने हे कोट आहे की शर्ट यावरून तिला दोनदा लॉकरकडे पाठवलं. नियम आहे तर पाळायचा, असं मी म्हटलं. तिने मला मेरी बेथ टिंकर सांगितली. १९६५ साली आयोवामध्ये १३ वर्षांच्या या मुलीने व्हिएतनाम युद्धातल्या मृतांसाठी दंडाला काळी पट्टी बांधली, शाळेने घरी पाठवलं, आणि १९६९ ला सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल तिच्या बाजूने दिला. मी म्हटलं तिची पट्टी काहीतरी बोलत होती, तुझं जॅकेट थंडीसाठी आहे. ती म्हणाली थंडीसाठी असतं तर मी जाड पार्का नसता का घातला. हे मी नंतर पुष्कळ दिवस डोक्यात घोळवलं. आपण मुलांच्या कपड्याला थेर म्हणून टाकतो पण या वयात त्यांच्या हातात ठरवायला असतं तरी काय, घर आपण निवडलेलं, शाळा आपण, गाव आपण, मत द्यायला अजून तीन वर्षं. अंगावर काय घालायचं एवढंच त्यांचं. वर्गात आता ती काढून ठेवते, तेवढं आमचं ठरलंय.

आणि आता शेवटचं, ज्यावरून आमच्यात खरं भांडण झालं. जानेवारीत तिने पाठीवर पांढऱ्या दोऱ्याने मोठ्ठा ३१३ भरला. ३१३ हा डेट्रॉइटचा एरिया कोड, म्हणजे फोन नंबरचे पहिले तीन आकडे, तिथली पोरं अभिमानाने मिरवतात. टाके सुरेख होते, आजोबांनी शिकवलेले. पण आमचा कोड २४८. मी म्हटलं हा आकडा आपला नाही, त्या लोकांनी दिवाळं सोसलं, पाण्याची कनेक्शनं तोडलेली सहन केली, आपण फक्त शनिवारी ईस्टर्न मार्केटला भाजी आणायला जातो. तिचं म्हणणं होतं की सगळे त्या शहराला नावं ठेवतात तर मी ते पाठीवर घेतलं यात वाईट काय. आठवडाभर बोलणं धड नाही. तिच्या म्हणण्यातही काही होतं, हे मला आज कबूल आहे.

फेब्रुवारीत आम्ही मिशिगन सेंट्रल बघायला गेलो, ते जुनं रेल्वे स्टेशन, १९८८ ला बंद पडलं, ३० वर्षं काचा फुटलेलं तसंच उभं होतं, फोर्डने २०१८ ला घेतलं आणि २०२४ ला उघडलं. आत एका तिच्याच वयाच्या मुलाने पाठीवरचा आकडा बघून विचारलं, तू कुठल्या शाळेत? तिने खरं सांगितलं. तो बरं म्हणून निघून गेला, वाईट काहीच बोलला नाही.

त्या रात्री तिने सगळे टाके उसवले. मी सांगितलं नव्हतं. डक कापडाचा एक गुण म्हणा की दोष, सुईची भोकं बुजत नाहीत. दोनदा धुऊनही पाठीवर उजेडात धरलं की तीन आकडे ठिपक्याठिपक्यांनी दिसतात.